आई घरात नसेल तरच

दाराची घंटा वाजते. उघडावं तर समोर कुणी नाही. पायाशी टोपलीत एक तान्हं मूल आणि सोबत एक चिठ्ठी. घरात राहणारे सगळे सडाफटिंग. एवढं सांगितलं की पुढचा सिनेमा कुणीही सांगू शकतं. डायपर उलटा बांधला जाणार, बाटलीतलं दूध एकतर चटका देणारं नाहीतर गारढोण असणार, रात्री दोन वाजता मुलाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घातल्या जाणार, आणि घरी मैत्रीण आलेली असताना नेमकं आतून रडं ऐकू येणार. मध्यंतराआधी 'ही ब्याद कधी टळेल' म्हणणारे हेच लोक मध्यंतरानंतर त्या पोरासाठी तहानभूक विसरतात, आणि शेवटच्या काही मिनिटांत मुलाची आई उगवते.

फ्रान्समध्ये कोलिन सेरो या दिग्दर्शिकेने १९८५ मध्ये तीन पुरुष आणि एका टोपलीतल्या बाळाची ही गोष्ट पडद्यावर आणली आणि तिला तिथला मानाचा सीझर पुरस्कार मिळाला. दोनच वर्षांनी हॉलिवूडने ती उचलली. 'थ्री मेन अँड अ बेबी' दिग्दर्शित केला लेनर्ड निमॉयने, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या टोकदार कानांच्या, भावनाशून्य स्पॉकने. (निर्मात्यांना विनोदबुद्धी होती म्हणायची.) १९८७ च्या चित्रपटांमध्ये अमेरिकेत सर्वाधिक कमाई त्याचीच. १९८९ मध्ये मराठीत 'बाळाचे बाप ब्रह्मचारी' आला, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे या जोडीचा. पुढच्याच वर्षी मल्याळममध्ये 'थूवलस्पर्शम', आणि २००७ मध्ये हिंदीत अक्षय कुमार, फरदीन खान, रितेश देशमुख यांचा 'हे बेबी'. इतक्या भाषांतून फिरूनही या कथेला कुठे फारसं बदलावं लागलं नाही. तिच्या मुळाशी असलेली समजूत सगळीकडे आयतीच तयार होती: पुरुषाच्या हातात तान्हं मूल दिलं की ते दृश्य आपोआप विनोदी होतं.

मला या विनोदाबद्दल तक्रार नाही. लक्ष्या आणि अशोकमामा पडद्यावर असताना तोंड वाकडं करून बसणाऱ्यांतला मी नाही. तक्रार आहे ती कथेच्या अटीबद्दल. पुरुषांनी मूल सांभाळावं असं वाटत असेल तर आधी बाईला कथेतून बाहेर काढावं लागतं. ती मेलेली तरी हवी, पळालेली तरी, नाहीतर परदेशी गेलेली. ती घरात असताना पुरुषाने रात्रभर मूल सांभाळलं, अशी गोष्ट कुणाला सुचत नाही. आणि हीच अट आपल्या कायद्यांत, रजेच्या नियमांत, दत्तकविधानात जशीच्या तशी उतरलेली आहे. सिनेमा निदान दोन तासांनी संपतो.

आधी सिनेमाच्या बाजूने जे बोलायचं ते बोलतो, कारण हे चित्रपट मधल्या तासात एक गोष्ट फार अचूक दाखवतात. त्यातला कुणीही पुरुष वात्सल्याने सुरुवात करत नाही. मूल घरात आहे आणि दुसरं कुणी नाही, एवढ्याच नाइलाजाने तो शिकतो. हॉलिवूडपटातला वास्तुविशारद बाळाला झोपवण्यासाठी मुष्टियुद्धाच्या सामन्याचं वर्णन मोठ्याने वाचतो, पण अंगाईच्या सुरात. काय वाचतोय याने काही फरक पडत नाही, सूर महत्त्वाचा, असं त्याचं म्हणणं. तान्ह्या मुलाबरोबर ज्याने चार रात्री काढल्या आहेत त्याला हे पटेल. कुठलं रडं भुकेचं, कुठलं पोटदुखीचं आणि कुठलं उगाच, ढेकर काढताना हात पाठीवर कुठे ठेवायचा, झोपलेल्या मुलाला खाली ठेवताना आधी डोकं टेकवायचं की ढुंगण, ही सगळी कसबाची कामं आहेत. ती पुस्तकाने येत नाहीत, उपदेशाने तर नाहीच. मूल आणि माणूस यांना एकटं सोडलं की येतात. नव्या आईलाही ती पोटातून येत नाहीत. तिची आई, मावशी, मालिशवाली बाई अशी शाळाच तिच्याभोवती भरलेली असते आणि तिला नापास व्हायची परवानगी नसते, म्हणून ती शिकते. पुरुषाला नापास व्हायची नुसती परवानगी नाही, त्याच्या नापास होण्यावर टाळ्या पडतात.

त्याच १९८७ मध्ये हॉलिवूडमध्ये 'बेबी बूम' नावाचा आणखी एक विनोदी चित्रपट आला होता. त्यात डायन कीटनची नायिका मोठ्या पगाराची, घड्याळाच्या काट्यावर चालणारी व्यवस्थापन सल्लागार असते आणि दूरच्या नातलगांच्या मृत्यूनंतर एक बाळ तिच्या गळ्यात पडतं. तिलाही डायपर लावता येत नाही, तीही फजीत होते, तीही पुढे जीव लावते. तेव्हा 'बायकांचं असं चालत नाही' ही तक्रार पूर्ण खरी नाही. अडाणी आईवरही विनोद झाला आहे. फरक किमतीत आहे. त्या बाईची नोकरी सुटते, शहर सुटतं, ती व्हरमाँटमध्ये एका पडक्या घरात जाऊन राहते आणि शेवटी लहान मुलांच्या खाण्याचाच धंदा उभा करते. इकडे 'थ्री मेन अँड अ बेबी'मधल्या न्यूयॉर्कच्या तीन पुरुषांतल्या एकाचंही काम सुटत नाही, घर सुटत नाही. मूल त्यांच्या आयुष्यात येतं ते त्यांना अधिक गोड करण्यासाठी, आणि मग मुलाची आईही त्यांच्याच घरी राहायला येते. एकाच वर्षातले, एकाच उद्योगातले, एकाच कल्पनेवरचे हे दोन सिनेमे शेजारी ठेवून पाहिले की त्या हसण्याचा हिशेब समजतो.

मूळ फ्रेंच चित्रपटाचा शेवट मात्र या सगळ्यांपेक्षा शहाणा आहे. आई मुलीला घेऊन जाते, पुरुष कोलमडतात. मग काही काळाने तीच थकून, झोपेअभावी मोडून परत येते आणि शेवटी मुलीच्या पाळण्यात अंगाची जुडी करून झोपी जाते. त्या दृश्यात कुणी कुणाशी लग्न ठरवत नाही. नोकरी आणि तान्हं मूल हे एका माणसाचं काम नाही, एवढंच ते दृश्य सांगतं. नक्कल करताना हॉलिवूडने पाळण्यातलं हे दृश्यच गाळलं. 'हे बेबी'त तर आई परत येते ती प्रेमकथेचा उरलेला अर्धा भाग पुरा करायला. एकदा आईबाप एकत्र आले की डायपरचं काय झालं हे कॅमेरा विचारत नाही. आपल्यालाही विचारायची गरज भासत नाही, कारण उत्तर ठाऊक असतं.

आपल्याकडे ही कल्पना फ्रान्सहून आली असंही नाही. ब्रह्मचारी बापाची आपली सगळ्यात जुनी कथा कण्वाची. मेनकेने टाकून दिलेली, रानात पाखरांनी राखलेली मुलगी या ऋषीला सापडते आणि तो तिला वाढवतो. त्यात विनोद नावालाही नाही, आणि कालिदासाच्या चौथ्या अंकात ती सासरी निघते तेव्हा रानात राहणाऱ्या विरक्ताची ही अवस्था तर संसारी लोकांचं काय होत असेल, असं तो स्वतःच म्हणतो. अर्थात आश्रमात गौतमी ही वडीलधारी तापसीही होती, हे विसरू नये. शकुंतलेच्या शी-शूचं कुणी पाहिलं याबद्दल महाकवी मौन बाळगतात.

मराठी परंपरेत तर हा पेच फारच विलक्षण आहे. गोरोबा कुंभारांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. बायको पाण्याला जाते, जाताना मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून सांगते. गोरोबा नामात दंग होऊन चिखल तुडवत राहतात आणि रांगत आलेलं मूल पायाखाली जातं. बापावर थोडा वेळ मूल सोपवलं तर काय होतं, याची इतकी भयंकर कथा दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही, आणि आपण ती भक्तीच्या परमावधीची कथा म्हणून सांगतो. शेवटी विठोबा मूल परत देतो, पण बापाच्या लक्ष नसण्याला माफी आधीच मिळालेली असते. दुसरीकडे जनाबाईने त्याच विठोबाला लेकुरवाळा केलं. कुणी खांद्यावर, कुणी कडेवर, कुणी करंगळी धरून, अशी पोरं अंगाखांद्यावर वागवत चाललेला तो पुरुष देव, आणि त्याच्या मांडीवर कोण, तर गोरा कुंभार. मूल सांभाळणारा पुरुष देवळात चालतो. घरात तोच दिसला की पाहुणे हसतात.

हिरकणीचीही गोष्ट घ्या. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेली ती आई आपल्याला ठाऊक आहे, बुरूज तिच्या नावाचा आहे, एस.टी. स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांनाही तिचंच नाव दिलेलं आहे. बाळाचा बाप त्या रात्री कुठे होता, हा प्रश्न ती गोष्ट सांगताना सहसा कुणी काढत नाही. बाई कडा उतरते तेव्हा ते मातृत्व. बाप घरी असता तर गोष्टच झाली नसती. खोली मात्र हवीच आहे, ती बायकांसाठी राखीवच हवी. फक्त त्याच स्थानकात आठ महिन्यांचं पोर घेऊन उतरलेल्या बापाने त्याचे कपडे कुठे बदलायचे, ही सोय करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण तसा बाप आपल्या कल्पनेतच नाही.

आता कायदा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे विवाहित जोडप्याच्या मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की पाच वर्षांखालचं मूल सहसा आईच्या ताब्यात असावं. सह्या बापाच्या, लंगोट आईचे. कामाची वाटणी संसदेने इतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे लिहून ठेवली नसेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात त्या 'नंतर'चा अर्थ सैल केला आणि बाप हयात असतानाही आई पालक असू शकते असं सांगितलं. म्हणजे सह्यांच्या बाजूने बाई थोडी आत आली. लंगोटाच्या बाजूने पुरुषाला आत घेणारा तसा निकाल माझ्या तरी पाहण्यात नाही.

सिनेमातल्या नायकांनी आपल्या देशात काय केलं असतं, हेही पाहण्यासारखं आहे. दारात बेवारस मूल सापडलं तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे २४ तासांच्या आत १०९८ या हेल्पलाइनला, पोलिसांना किंवा बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. न कळवणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे अगदी योग्य आहे, मुलांची विक्री होते तिथे असा नियम लागतोच. तर नायकांनी कळवलं. मुलाला कुणी वारस निघाला नाही. एवढ्यात त्यांचा जीव जडला. आता ते मूल रीतसर दत्तक मागतात. तिघांना मिळून मिळणार नाही, एकाला मागता येईल, कारण कायदा एकट्या व्यक्तीलाही दत्तक घेऊ देतो. पण त्याच कायद्याच्या ५७व्या कलमात एक ओळ आहे: एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येणार नाही.

फ्रेंच सिनेमातलं बाळ मुलगी आहे. हॉलिवूडमधलं मुलगी. 'हे बेबी'मधलं मुलगी. कथाकारांना बरोबर कळलेलं असतं की राकट पुरुषांना वितळवायला मुलगीच हवी. आपण तिकीट काढून ज्या दृश्यावर डोळे पुसतो, ते दृश्य आपल्याच कायद्याला धोक्याचं वाटतं.

या बंदीमागची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मुलींवर घरात होणारे अत्याचार रोजच्या वर्तमानपत्रात आहेत आणि करणारे बहुतेक पुरुषच असतात. पण कायद्याचं उत्तर त्या भीतीला पुरं पडत नाही. जो पुरुष मुलीसाठी धोकादायक आहे, त्याच्या हाती मुलगा सुरक्षित कसा? २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलगे आणि मुली असा भेद केला नाही, तो मुलगेही बळी पडतात हे माहीत असल्यामुळेच. दत्तक देण्याआधी सामाजिक कार्यकर्ते घरी येतात, उत्पन्न, आरोग्य, स्वभाव, नातेवाईक सगळं पाहून अहवाल लिहितात, आणि मूल दिल्यावरही पाहणी चालू राहते. ही चाळणी वाईट माणूस गाळू शकत असेल तर ती मुलींच्या बाबतीतही गाळेल. गाळू शकत नसेल तर ती मुलग्यांच्या बाबतीत आपण कशाच्या जोरावर वापरतो? चाळणी घट्ट करा, हे मला मान्य आहे. पुरुष म्हटला की दार बंद, यात मुलींचं संरक्षण किती आणि 'पुरुषाला हे जमायचंच नाही' या जुन्या समजुतीचा वाटा किती, याचा हिशेब एकदा व्हायला हवा. २०१६ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या एका अविवाहित तरुण अभियंत्याने डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा दत्तक घेतला, तेव्हा त्याचं भरभरून कौतुक झालं. त्याच्या जागी तीच अवस्था असलेली मुलगी असती, आणि तिला दुसरं कुणी मागितलं नसतं, तर ती संस्थेतच राहिली असती.

सरोगसीचं दार तर आणखी अलीकडे बंद झालं. तुषार कपूर २०१६ मध्ये आणि करण जोहर २०१७ मध्ये त्या वाटेने बाप झाले. जोहरच्या जुळ्यांत एक मुलगी आहे. २०२१ च्या सरोगसी कायद्याने ही वाट विवाहित जोडप्यांसाठी, आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रियांसाठी ठेवली. एकटा पुरुष यादीत नाही. सरोगसीच्या बाजारावर आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे, पण तो आक्षेप असता तर सगळ्यांनाच लागू झाला असता.

ब्रह्मचारी थोडे असतात. विवाहित पुरुषांचं पाहू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्व रजा मिळते १५ दिवस, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर, आणि ती बाळंतपणाच्या आधीपासून ते जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. खासगी नोकरीत कायद्याने एकही दिवस नाही. कंपनी देईल ते खरं. आईला मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत.

हे १५ दिवस आपल्याकडे कसे जातात? पहिलं बाळंतपण माहेरी. बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडी, धुरी, मालिश, आणि तिघी-चौघी अनुभवी बायका. जावईबापू येतात ते पाहुणे म्हणून. त्यांना चहा मिळतो, बाळ कपड्यात गुंडाळून दोन मिनिटं मांडीवर मिळतं, मान धरता येत नाही म्हणून लगेच काढून घेतलं जातं, आणि मूल ओलं झालं की 'अहो, तुम्ही राहू द्या' असं म्हणत चार हात पुढे येतात. त्यांना औषधाच्या दुकानात पाठवतात, जन्मदाखल्याच्या रांगेत पाठवतात, बारशाचा हॉल ठरवायला पाठवतात. रजा संपते तेव्हा त्यांची पोऱ्या म्हणून उमेदवारी उत्तम झालेली असते. मग तीन महिन्यांनी बायको मूल घेऊन घरी येते; तोवर ती तरबेज झालेली असते आणि हा कोराच. या क्षणापासून प्रत्येक रात्री 'दे इकडे, तुला नाही जमणार' हे खरंच असतं, आणि ते खरं असतं म्हणून पुढेही खरंच राहतं. यात कुणाचा दुष्टावा नाही. सासूबाई मायेनेच पुढे येतात.

याचा जमाखर्च सरकारनेच मांडलेला आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. ज्यांनी हे काम केलं त्यांतही स्त्रियांची रोजची सरासरी वेळ १४० मिनिटं, पुरुषांची ७४. स्वयंपाक-धुणीभांडी यात धरलेली नाहीत, ती वेगळ्या रकान्यात आहेत आणि तो रकाना याहून वाईट आहे.

निसर्गाचा मुद्दा येतोच. दूध आईलाच येतं, हे कुणी नाकारत नाही. पण दिवसाच्या चोवीस तासांत दूध पाजण्याव्यतिरिक्त जे उरतं, त्यात स्तनांचं काही काम नसतं. आणि शरीराचंच म्हणाल तर फिलिपीन्समधल्या सेबू शहरात सहाशेवर पुरुषांचा काही वर्षं माग काढून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बाप झाल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरतं, आणि रोज तीन तास किंवा जास्त मुलाची देखभाल करणाऱ्यांत ते सगळ्यात कमी असतं. मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांत बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या मुलाच्या हाताच्या अंतरावर असतात, असं बॅरी ह्युलेट या मानववंशशास्त्रज्ञाने तिथे राहून नोंदवलं आहे. तेव्हा पुरुषाचं शरीर या कामाला नालायक आहे, हे म्हणणं धरून बसायला आता खूप उशीर झाला आहे.

सरकारला हे कळत नाही असंही नाही, आणि इथे ती सिनेमाची अट अगदी उघडी पडते. केंद्रात स्त्री कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ती पुरुषांनाही दिली, पण एकट्या पुरुषांना: अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. महाराष्ट्र सरकारनेही त्याच वर्षी १८० दिवसांची रजा आणली. ती महिलांना, आणि ज्यांची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे अशा पुरुषांना. म्हणजे बापाला मूल सांभाळता येतं हे सरकार मान्य करतं. सांभाळायला दोन वर्षं पगारी रजाही देतं. फक्त बाई मेली पाहिजे, सोडून गेली पाहिजे किंवा उठू शकत नसली पाहिजे. धडधाकट बायको घरात असलेल्या माणसाने मुलाच्या तापासाठी आठवडाभर रजा मागितली, तर नियमाच्या दृष्टीने त्याचं प्रकरणच उद्भवत नाही.

रजा वाढवली तर पुरुष ती लोळण्यात आणि क्रिकेट पाहण्यात घालवतील, हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. काहीजण घालवतीलच. म्हणूनच रजेची रचना महत्त्वाची. आई घरात असताना दिलेली बापाची रजा म्हणजे दुसऱ्या नंबरच्या माणसाची रजा. ती आईची रजा संपून ती कामावर गेल्यावर, तिच्या गैरहजेरीत, सलग महिनाभर घ्यायची असली पाहिजे; न घेतल्यास बायकोच्या नावावर वळवता येणार नाही अशी. स्वीडनने १९७४ मध्येच पालकांची रजा दोघांना खुली केली होती, पण बाप फारसे फिरकले नाहीत. १९९५ मध्ये एक महिना बापासाठी राखून ठेवला, घेतला नाही तर बुडाला अशा बोलीवर, तेव्हा ते हलले. आज ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येकाचे राखीव आहेत. जपानचा कायदा कागदावर उदार होता, पण साहेब काय म्हणेल या धाकाने पुरुष रजा मागत नसत. आर्थिक वर्ष २०२३ मध्ये पहिल्यांदा हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. नुसता कायदा पुरत नाही हे खरं, पण कायद्याशिवाय मागणारा एकटा पडतो.

मालकांचं म्हणणं वेगळं असतं. २६ आठवड्यांच्या रजेचा पगार, कर्मचारी राज्य विमा योजनेतले कमी पगाराचे कामगार सोडले तर, मालकाच्याच खिशातून जातो. त्यामुळे मुलाखतीत लग्नाच्या वयाच्या मुलीकडे 'ही सहा महिने जाणार' या नजरेने पाहिलं जातं, आणि हे सगळे जाणतात. समोरचा मुलगाही काही आठवडे सक्तीने जाणार असेल तर ही नजर थोडी तरी बदलेल. खर्च एकट्या मालकावर न टाकता विम्यातून भागवावा लागेल. लहान धंद्यांसाठी दुसरा मार्ग नाही. आणि रोजंदारीवर, हातगाडीवर, दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या बहुसंख्य बापांना या कशाचाच उपयोग नाही, हे कबूल केलंच पाहिजे. त्यांच्यासाठी पाळणाघर हा रजेपेक्षा मोठा प्रश्न आहे, आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं ही तरतूद किती ठिकाणी दिसते, ते ज्याने त्याने आपल्या कामाच्या जागी पाहावं.

हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्यात असंघटित क्षेत्रातले बापही धरले होते आणि रजा तीन महिन्यांपर्यंत वाढवायची तरतूद होती. खासगी विधेयकांचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचं झालं, ते मंजूर झालं नाही. तो कायदा आज ना उद्या पुन्हा मांडावा लागेल, आणि दत्तक कायद्याचं ५७वं कलम बदलायलाही संसदच लागेल. दोन्हीला वर्षं जातील. पण बालसंगोपन रजेचं तसं नाही. केंद्राचे रजेचे नियम अधिसूचनेने बदलतात, राज्याचे शासन निर्णयाने. २०१८ मध्ये विधुर आणि अविवाहित बापाला आत घ्यायला एक अधिसूचना पुरली होती. ज्याची बायको जिवंत आहे, बरी आहे आणि नोकरीला जाते, त्याला आत घ्यायलाही तेवढीच लागेल.